समोरच्या दाराची अ‍ॅग्नेस

“मग मी ‘नाही’च लिहू?” देवयानीने पुन्हा विचारलं.

“लिही. दुसऱ्या धर्माचा शेजारी मला नको.” पोस्टातून निवृत्त झालेल्या सरोजताई मेथी निवडत होत्या.

देवयानी विद्यापीठात धर्म, पूर्वग्रह आणि माणसाचं समाधान यांवर संशोधन करत होती. पहिली मुलाखत आईची घेतली, तिथेच वाद सुरू झाला.

“अगं आई, आपण ठाण्याला कोपरीत आल्यापासून अ‍ॅग्नेसमावशी आपल्यासमोर राहते. ती ख्रिश्चन नाही का?”

“ती अ‍ॅग्नेस आहे. मी दवाखान्यात होते तेव्हा माझ्या देवापुढे रोज दिवा तिने लावला. तुझ्या बाबांना काडेपेटी सापडत नव्हती.”

बाबांनी पेपर जरा वर धरला.

“आणि तिची भाची पामेला? आपली डोंबिवलीची जागा तिला भाड्याने हवीय. तू नुसती टाळतेयस.”

“तिथल्या सोसायटीला चालत नाही.”

“आणि तुला?”

सरोजताईंनी उरलेली मेथी निवडून संपवली, देठं कागदात गुंडाळली.

“पामेला एक तारखेपासून डोंबिवलीला राहील,” त्या म्हणाल्या. “सोसायटीशी हे बोलतील. माझं उत्तर मात्र तेच राहू दे.”