पप्पांचा नंबर लागला, सुप्रीम कोर्टात

गेल्या सोमवारी नायगावच्या आमच्या चाळीत सुप्रीम कोर्ट भरलं होतं... म्हणजे मंडळाच्या हॉलमध्ये, मॅच बघायच्या स्क्रीनवर. वकिलाने लिंक पाठवली होती. केस माझ्या पप्पांची.

पप्पांना त्यांच्या आत्याने वाढवलं, याच चाळीतल्या तिच्या खोलीत; तिचं म्हातारपण आईपप्पांनी काढलं. ती गेली आणि तिच्या सासरचा पुतण्या उगवला, खोली माझी म्हणून! खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो, हायकोर्टात हरलो. चाळ आता पाडणार, खोली ज्याची त्याला नवा फ्लॅट. म्हणजे हे शेवटचं गेलं की आम्ही बेघर.

पप्पांचं एकच पालुपद, "वर कोर्ट आहे ना! अपील हा आपला हक्क आहे." वकील सांगून थकला, काका, हक्क नाही, आधी परवानगी मागायची. ती मिळाली तर पुढे ऐकणार. पण घटनेवर एवढा जीव असलेल्या माणसाला हे कोण पटवणार?

पांढरा शर्ट, खिशाला निळं पेन. स्क्रीनवर जज आले तसे पप्पा उठून उभे राहिले... मग अख्खा हॉल उभा राहिला.

आमचा नंबर पुकारला. वकील "माय लॉर्ड, यात..." एवढंच बोलला असेल. "डिसमिस्ड." लगेच पुढचा नंबर. खल्लास! इतकी वर्षं तारखांना हेलपाटे घातले ते ह्याच्यासाठी?

पप्पा तसेच उभे, हात जोडून. समोर भलत्याच कुणाच्या जमिनीचं भांडण चाललेलं आणि हे मन लावून ऐकतायत. मग हळूच मला म्हणाले, "आपलं कधी गं?"

शेजारच्या काकूंनी पेढ्यांचा बॉक्स गुपचूप पिशवीत टाकला.

"पप्पा, झालं आपलं."

"झालं? अगं, मला तर काहीच विचारलं नाही..."

डोकं सणकलं माझं. आत येऊ का, असं ज्या दारात विचारावं लागतं आणि नाही म्हटल्यावर का तेही सांगत नाहीत, त्याला हक्क कुठल्या तोंडाने म्हणायचं? सांगा ना मला कोणीतरी!

पप्पा बराच वेळ उभेच होते. ते बसेपर्यंत हॉलमधलं एक माणूस खाली बसलं नाही... दिल्लीला ते दिसलं नसेल, पण माझ्या चाळकऱ्यांनो, तुमचे उपकार मी विसरणार नाही.