कच्च्या डोक्याचा नवरदेव

घाना देशातल्या कुमासी शहरात अचियामाचं पाळणाघर छान चाललं होतं. मग कुणाला काय दुर्बुद्धी झाली, तिला बालविकासाच्या शिबिराला धाडलं, आणि घरादाराच्या डोक्याला ताप झाला.

लपवलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे बाळाला हळूहळू कळतं, असं शिबिरात शिकवलं. घरी येऊन अचियामाने नवऱ्याच्या पुढ्यातला मासा फडक्याखाली लपवला. बिचाऱ्याने फडकं उचललं.

“शाबास! वर्षाच्या बाळाएवढी समज आहे तुम्हाला!”

तिने मासा परत झाकायच्या आत नवऱ्याने तो फुफूच्या मऊ गोळ्याबरोबर गिळून टाकला.

एवढ्यावर भागलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण पुढचामागचा विचार करणारा, कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत पक्का होत नाही, हेही तिने ऐकलं होतं. एकुलत्या मुलाला, बोआचेला, पंचविसावं चालू होतं, आणि शनिवारी त्याच्यासाठी सेरवाच्या घरी तिला मागणी घालायची होती.

गेले सगळे. सेरवाच्या मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, “काय काम काढलंत?”

आता अचियामाच्या नवऱ्याने बोलायचं आणि दारूची बाटली पुढे करायची; मामांनी ती घेतली की सोयरीक पक्की. पण बाटली अचियामाने छातीशी घट्ट धरली होती.

“मुलगा अजून कच्चा आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे आजारी?”

“नाही हो, मेंदू! आम्ही पुढच्या वर्षी येतो.”

“अहो बाई, बाविसाव्या वर्षी मला दोन पोरं होती!”

“दिसतंच आहे ते.”

मामा तडक उठायला लागले. दारात सेरवाचे डोळे भरून आले. खरं तर मेंदूबिंदू सगळं निमित्त. पोरगा आणखी वर्षभर आपल्या हातचं जेवावा, एवढंच अचियामाला हवं होतं.

बोआचेने मान खाली घातली. “आई म्हणते तर थांबू.”

जिंकली की बाई! पण तिने पोराकडे डोळे वटारून पाहिलं. खेळणं काढून घेतलं तर पाळणाघरातली पोरंसुद्धा भोकाड पसरतात, आणि हा घोडा चक्क बायको सोडून देतोय?

“अरे मेल्या, भांड की माझ्याशी!”

“भांडू?”

“आता तेही मला विचारून करणार?”

बोआचे ताडकन उठला आणि बाटली ओढू लागला. ती सोडेना, तोही सोडेना.

“सोड म्हणतो ना! मला हीच मुलगी हवी, आणि आत्ता हवी!”

जन्मात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला होता. तिला इतका आनंद झाला आणि इतकं रडू आलं, की हातातली बाटली सुटली.

मामांनी ती झेलली आणि सेरवाकडे पाहिलं. “काय गं, घेऊ का?”

“घ्या मामा, लवकर घ्या,” ती डोळे पुसत म्हणाली, “सासूबाई रडतायत तोवर.”