मुलुंडला आणलेला समुद्र

काचेच्या टाकीत खारं पाणी ठेवलं की काठावर मिठाचा पांढरा थर धरतो. रोज पुसा, रोज येतो. खाऱ्या पाण्याच्या नादी लागलेल्या आम्हां तिघांचे किस्सेही असेच साचत गेले. तिघे म्हणजे मी, बँकेतला पारुळेकर आणि टेलिफोन खात्यातला इंजिनिअर कांबळे. हल्ली घरात बोलायला कुणी नसतं. संध्याकाळी टाकीसमोर बसलो की एकेक आठवत जातात.

*

माझी बायको सुशीला वेंगुर्ल्याची. लग्न होऊन मुलुंडला आली ती कायम म्हणायची, "सगळं चांगलं आहे इथं, समुद्र तेवढा ठेवायचा विसरलेत!"

पुढे ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, तेव्हा पारुळेकर म्हणाला, "वहिनी समुद्रावर जाऊ शकत नाहीत ना? मग समुद्रच इकडे आणू!"

पारुळेकरला बोलायला काय जातं! पण कांबळेने ते मनावर घेतलं. काचा कापून आणल्या आणि सुशीलाच्या पलंगासमोर बसून सिलिकॉनने चिकटवल्या. ओल्या सिलिकॉनला आंबूस वास येतो, हे आम्हांला कुठं ठाऊक! शेजारच्या गावडेकाकू पदर नाकाला लावून दारात हजर.

"सुशीला, लोणचा बिघडला काय गो?"

"नाही हो काकू," पलंगावरून उत्तर आलं, "समुद्र मुरतोय!"

*

पाणी आणायचो मनोरीहून. पारुळेकरच्या जुन्या गाडीत कॅन टाकायचे, मार्वेला जायचं, फेरीबोटीने पलीकडे उतरायचं आणि खडकापाशी कॅन भरायचे. पहिल्याच खेपेला परतताना पवईला हवालदाराने गाडी थांबवली. मागच्या सीटवर कॅनच कॅन! त्याला वाटलं, हातभट्टीचा माल.

"काय आहे यात?"

"समुद्र," कांबळे म्हणाला.

हवालदाराने बूच काढून वास घेतला. मग बोट बुडवून चाटलं आणि रस्त्यावर थुंकला. "हे कशाला नेताय?"

"याच्या बायकोला समुद्र बघायचाय," पारुळेकरने माझ्याकडे बोट दाखवलं. "आजारी आहे. उठवत नाही तिला."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मग बूच स्वतःच घट्ट लावलं आणि म्हणाला, "एवढ्याने भागेल का पण?"

*

पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण परदेशात मिळतं म्हणे. कांबळेने दूध तपासायचा लॅक्टोमीटर आणला. मनोरीच्या पाण्यात तो जिथवर बुडाला तिथं लाल खूण केली. "खूण पाण्याच्या वर आली की खारेपणा वाढला, खाली गेली की कमी झाला. संपलं!"

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली, ती मात्र दुधाची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात पातेली घेऊन रांग! पहिला नंबर गावडेकाकूंचा. कांबळेने त्यांच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला. लाल खूण बुडाली, ती वर येईना.

"काय रे? चांगला आसा मां दूध?"

"काकू," कांबळे गंभीरपणे म्हणाला, "तुमच्या दुधापेक्षा आमचा समुद्र दाट आहे!"

*

टाकीत फार काही नव्हतं. मनोरीचे दगड, दोन चिमुकले मासे, शंखात राहणारा एक खेकडा आणि एक समुद्रफूल. ते फूल नव्हेच, दगडाला चिकटून राहणारा जीव. पण पाकळ्यांसारखं उघडायचं, मिटायचं. सुशीलाचा सगळा जीव त्याच्यावर.

एका संध्याकाळी लाइट गेली. हवेचा पंप बंद पडला. कांबळेने सायकलचा पंप काढला, नळी पाण्यात सोडली आणि आम्ही आळीपाळीने हवा मारायला लागलो. अंधारात ते धापा टाकल्यासारखे आवाज! गावडेकाकू मेणबत्ती घेऊन धावत आल्या.

"अरे देवा! ऑक्सिजन लावलास काय तिका?"

"मला नाही हो काकू," सुशीला म्हणाली, "खेकड्याला!"

ती इतकी हसली की पुढे तिलाच धाप लागली. आम्ही तिघांनी पंप मात्र चालू ठेवला.

*

सुशीला गेली. माझी मोठी बहीण, अक्का, घर सांभाळायला आली. माशांना लागायची कोळंबी, बारीक चिरून. अक्का म्हणाली, "सुतकात या घरात कोळंबी येणार नाही. मासे राहतील उपाशी."

तेव्हा मी कशावरच बोलत नव्हतो.

दुपारी गावडेकाकू आल्या. हातात ताटली, वर दुसरी झाकण. सरळ टाकीपाशी गेल्या. अक्का आडवी आली. "अहो, सुतक आहे!"

"सुतक माणसांका," काकू झाकण काढत म्हणाल्या. "मासे खंयच्या गोत्राचे?"

*

पुढे अक्काही आपल्या घरी परत गेली, आणि समुद्रफूल मिटायला लागलं. थोडं पाणी बदललं, पंप साफ केला, काही उपयोग नाही. कांबळेने लॅक्टोमीटर टाकला, तर लाल खूण चांगलीच वर.

"पाणी कमी झालं की काय घालतोस?"

"मनोरीचंच. कॅनमधलं."

"अरे, उडतं ते नुसतं पाणी. मीठ कुठं जातंय? ते खालीच राहतं. वरून गोडं पाणी घालायचं असतं! वहिनी असताना कोण घालायचं?"

तेव्हा लक्षात आलं. सुशीला रोज सकाळी उशाशी तांब्याभर पाणी ठेवायला सांगायची आणि पलंगावरूनच हात लांब करून टाकीत ओतायची. तुळशीला घालावं तसं. मला वाटायचं, सवय आहे बिचारीची, तुळशीपर्यंत जाववत नाही म्हणून. ती गेल्यावर मी तांब्या फळीवर ठेवून दिला होता.

तो काढला. आठ-दहा दिवसांत फूल उघडलं.

*

मुलगी पुण्याला असते. "बाबा, एकटे काय करता तिथे? इकडेच या," असं तिचं चाललं होतं. शेवटी मी हो म्हणालो. टाकी पुण्याला नेण्यात अर्थ नव्हता, तिथं खारं पाणी आणायचं कुठून? तेव्हा सगळं मनोरीला परत सोडायचं ठरलं.

मासे, खेकडा, दगडासकट फूल असं सगळं झाकणाच्या बादलीत घेऊन आम्ही तिघे निघालो. पोचलो तेव्हा भरती होती. खडक दिसेनात, म्हणून वाळूत बसलो. पारुळेकर एकटाच बोलत होता. मुलीने माझ्यासाठी खिडकीशेजारी पलंग लावला आहे, पुण्याची हवा कशी कोरडी, माझा खोकला कसा जाईल, सगळं.

पाणी उतरलं, खडक उघडे पडले. मी बादली घेऊन एकटाच पुढे गेलो. झाकण काढलं. फूल पूर्ण उघडलेलं होतं. पाणी पायांवरून येत होतं, जात होतं. मी झाकण परत लावलं. मग मागे वळून विचारलं, "कॅन आणलेत का रे?"

पारुळेकर बोलता बोलता थांबला. कांबळे उठला. त्याने सवयीने कॅन आणले होतेच.

मार्वेला उतरलो. फेरीवरचा तिकीटवाला आम्हांला ओळखायचा. त्याने कांबळेच्या हातातले भरलेले कॅन पाहिले, माझ्या हातातली, जाताना नेलेली तीच झाकलेली बादली पाहिली.

"काय साहेब, आज सोडायला आला होतात की न्यायला?"

पारुळेकरने कॅन खांद्यावर चढवला.

"हो!" म्हणाला, आणि गाडीकडे चालू लागला.