एझ्रा मिस्त्रीचा मलिदा

पेणच्या रामवाडीत एझ्रा मिस्त्री ठाऊक नाही असा माणूस मिळायचा नाही. निम्म्या गावाची दारंखिडक्या त्याच्या हातची, आणि जीभ रंध्यासारखी. कुणी घाई केली की ऐकवायचा, घर तुमचं असेल, दरवाजा माझा आहे. ज्यू माणूस, शनिवारी हत्याराला शिवायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही दांडगं असो. बायको वारली, नातलग एकेक करून इस्रायलला गेले, हा मात्र खुंटा ठोकल्यासारखा इथंच राहिला. एकुलती लेक लीया रोह्याला दिलेली. जावई सामसन तिकडच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा.

शहाण्णव साली एझ्राच्या किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा एसटीने मुंबई गाठायची, यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं आणि हाडं खिळखिळी करत परत यायचं. सत्तरीच्या म्हाताऱ्याने हे किती दिवस काढायचं? शेवटी डॉक्टरच म्हणाले, हे घरीही होतं. पोटात नळी बसवायची, पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून आत सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं आणि नवं भरायचं. एसटी नको, सुया नकोत. पण पिशवी जोडणारे हात स्वच्छ आणि स्थिर हवेत, नाहीतर जंतू पोटात गेले की जिवावर बेततं. एझ्राचे हात आता थरथरायचे. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हे शिकलेलं माणूस घरात राहत असेल तरच नळी बसवतो.

लीया म्हणाली, मी शिकते आणि तुमच्याकडेच येऊन राहते. मुंबईला जाऊन शिकलीसुद्धा, आणि नर्सबाईंनी तिचं कौतुक केलं तेव्हा म्हातारा असा फुगला की विचारू नका. घरी येऊन त्याने मागची खोली स्वतः चुना मारून पांढरी केली. पिशवी टांगायला सागवानी स्टँड केला. हात थरथरत होते, पण सांध्यात केस जाणार नाही. शेजारच्या शकूने चेष्टेने विचारलं, मिस्त्री, हा खांब कशाला, सदरे टांगायला?

"माझं आयुष्य टांगायला हाय गो," तो म्हणाला आणि खुशीत हसला.

नळी बसवायची तारीख ठरली. तेवढ्यात लीयाचा निरोप आला, आधी तुमच्या घरी मलिदा करू, मग सगळं सुरू करू. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं ताटात रचून, एलियाहू नबीची आठवण काढून केलेली प्रार्थना. त्यांच्यात नवस फेडताना मलिदा करतात, दुखण्यासाठी करतात, आणि लांबच्या प्रवासाला निघतानाही करतात. एझ्राला आपलं दुखणं तेवढं दिसलं. दुसरं काय दिसणार बिचाऱ्याला?

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि तोवर पेण-रोह्याकडे दहा ज्यू पुरुष जमवायचे म्हणजे नाकीनऊ यायचे. एझ्रा तसल्या अंगाने दारोदार हिंडला. रोह्याला प्रार्थना सांगणारे मोझेसमामा होते, त्यांच्याकडेही स्वतः गेला. मामांनी चष्मा काढून विचारलं, "तुझी राजीखुशी हाय ना रे, एझ्रा?"

"अवो, मीच बोलवायला आलोय की."

मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तुझं काळीज मोठं आहे, म्हणाले. एझ्राला वाटलं, म्हातारपणी मामा जरा हळवे झालेत.

आदल्या दिवशी लेक-जावई आले ते मोठमोठ्या बॅगा घेऊन. एझ्राच्या मनात आलं, पोर संसार उचलून राहायलाच आली. त्याने त्या बॅगा हौसेने पांढऱ्या खोलीत लावून दिल्या. लीया मान खाली घालून पोहे निवडत होती.

दुसऱ्या दिवशी सामसन धरून नऊ पुरुष जमले, दहावा एझ्रा. हिब्रू प्रार्थना झाल्यावर मामांनी मराठीत मागणं मागितलं: देवा, लीयाला आणि सामसनला इस्रायलला सुखरूप पोचव, तिथं त्यांचं बस्तान बसू दे, आणि आनंदाने निरोप देणाऱ्या या बापाला सुखी ठेव. मग सगळ्यांनी आमेन म्हणावं म्हणून ते थांबले.

एझ्राला आधी वाटलं, मामा चुकले. मग त्याने माणसांकडे पाहिलं. एकही चेहरा चकित नव्हता. अख्ख्या रोह्याला ठाऊक होतं, आणि ज्याच्या पोटात नळी बसायची त्याला नव्हतं!

लीया रडायला लागली. म्हणाली, इस्रायलला जायची परवानगी अचानक आली, तुम्हाला सांगायला तोंडच उघडेना. तोंड उघडेना म्हणे! आपल्या जाण्याचं आमंत्रण द्यायला बापालाच दारोदार हिंडवताना बरं चाललं होतं. परक्याने गळा कापला तर माणूस निदान ओरडतो तरी.

एझ्रा उठला आणि दारापर्यंत गेला. मामा हळूच म्हणाले, तू गेलास तर आम्ही नऊच राहतो. म्हातारा चौकट धरून उभा राहिला. ती चौकटही त्यानेच केलेली. मग तो परत येऊन आपल्या जागी बसला आणि सगळ्यांबरोबर स्वच्छ आवाजात आमेन म्हणाला.

लीयाने त्याचा हात धरला. बाबा, माफ केलंत ना, असं पुन्हा पुन्हा विचारू लागली. एझ्राने हात सोडवून घेतला.

"आमेन दहाव्या माणसाने म्हटलं गो," तो म्हणाला. "बापाला उद्या मुंबईची एसटी धरायची हाय."