ताटाएवढं पापलेट

आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात पापलेट अख्खं वाढतात. तुकडे केले की वाढणारीचा हात आखडला असं समजतात. ही पद्धत मी सासरी शिकले आणि मनवेलपाड्यात फ्लॅट घेतल्यावर तिथेही चालू ठेवली. आता माणशी एक अख्खं द्यायचं, तर मोठं परवडत नाही आणि तव्यावर मावतही नाही. म्हणून मला हवं असायचं तळहाताएवढं. वर मासे आपल्याला कळतात, असा माझा तोरा.

अर्नाळ्याची एक मावशी बुधवारी आणि शुक्रवारी आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी मासळीची पाटी घेऊन बसायची. बोट घरची होती. नवरा आणि दीर समुद्रावर जायचे, विकायचं काम हिचं. पहिल्या दिवसापासून ती मला अगं-तुगं करायची. काहीजणींना ते झोंबायचं, मला मात्र आवडायचं. तिच्याकडे सगळं मिळे, फक्त लहान पापलेट मिळत नसे. मी मागितलं की ती हात झटकायची.

"ताय, ती पिल्ला हायत. एकदा तरी अंडी टाकू दे त्यांना. आमचं जालं मोठ्या भोकांचं हाय, त्यात बारकं गावत नाय. मोठं घे आन तुकडे कर."

"मावशी, पाहुण्यांना तुकडे कसे वाढू?"

"मंग तुझ्या पोरांनी पुढं काय खायाचं?"

मला रागच आला. पैसे मी देणार आणि वर शिकवणार ही? नणंदेच्या सासरची माणसं जेवायला येणार होती, तेव्हा मी फुलपाड्याच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या टेम्पोतून डझनभर लहान पापलेटं आणली. ताटं सुरेख दिसली. कौतुकाने मी इतकी फुगले की बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, मावशीच्या नादी लागू नका, टेम्पोत हवी तेवढी लहान मिळतात, स्वस्तही. बायकांनी भराभर विचारलं, कुठे, कधी. महिन्याभरात टेम्पोच आमच्या फाटकासमोर येऊ लागला.

एका शुक्रवारी बारा वाजत आले तरी मावशीची पाटी भरलेलीच होती. बर्फ विरघळून पाणी रस्त्यावर ओघळत होतं. मी खिडकीतून पाहत होते. खाली जाऊन दोन वाटे घ्यायला काय झालं होतं मला? पण फ्रिजमध्ये टेम्पोतला माल होता. थोड्या वेळाने बाहेर जायची वेळ आली, तर मी मागच्या फाटकाने गेले. ते आठवलं की आजही मान खाली जाते. पुढे तिचं येणंच बंद झालं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मध्ये दोन वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात भावाची मंडळी आली म्हणून त्यांना घेऊन अर्नाळ्याला गेलो. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. कोणी जाळं सांधत होतं, कोणी बर्फ फोडत होतं, बायका ओळीने बसून मासळी निवडत होत्या. एवढी माणसं या एका कामावर जगतात, हे इतकी वर्षं मासे खाऊनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं, व्यवहार काय तो मी आणि ती पाटी यांच्यातला.

निवडणाऱ्यांत मावशी होती. तिनेच मला आधी ओळखलं आणि हाक मारली. मी विचारलं, बोट कशी चालली आहे.

"चाललीय. जालं बदललं. आता बारीक भोकांचं हाय. मोठं पापलेट घेऊन बसायची तर दुपारपर्यंत कोन विचारत नव्हतं. नवरा नको बोलत होता, म्या त्याला तयार केलं. गिऱ्हाइकाला पायजे ते आनायला लागतं, ताय."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ग्रुपवर मी काय लिहिलं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. ते सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर एखादं मोठं नाही का.

"आता कुठलं? मोठं व्हायला बारकं पान्यात राहायला पायजे ना."

मग तिने समोरच्या ढिगातून तळहाताएवढी चार पापलेटं वेचून काढली. "तुला अशीच लागतात, माज्या ध्यानात हाय," म्हणाली.

मी घेतली. भावसुद्धा केला नाही. पिशवी बांधता बांधता तिने जुनं गिऱ्हाईक म्हणून वर आणखी एक टाकलं. ते सगळ्यांत लहान होतं, आणि मी तेही घेतलं.