बेदाण्याला निघालो आणि खातं गोठलं : भिलार, तासगाव, सांगली

मार्चच्या पहिल्या आठवड्यात महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी अजून संपलेली नसते आणि तासगावकडे नवा बेदाणा तयार व्हायला लागलेला असतो. दोन्ही एकाच फेरीत गाठायचं असेल तर हाच आठवडा. माझी पुण्यात छोटी घरगुती बेकरी आहे, मदतीला दोघीजणी. यंदा एका कंपनीनं पाडव्याच्या भेटखोक्यांची मोठी ऑर्डर दिली होती. बेदाण्याचा केक आणि स्ट्रॉबेरीचा जॅम. दरवेळी मार्केट यार्डातून माल आणते, पण या वेळी ठरवलं, जिथं पिकतं तिथंच जाऊन बघून घ्यायचं.

धाकटा भाऊ कौस्तुभ म्हणाला, "मीही येतो. गाडी मी चालवतो, लॅपटॉप बरोबर घेतो." तो संगणकवाला. गेली काही वर्षं त्याच्या बचतीतला बराच भाग क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या संगणकी नाण्यांत आहे. खर्चातला त्याचा निम्मा वाटा त्यानं निघण्याआधीच माझ्या बेकरीच्या खात्यावर यूपीआयनं पाठवून दिला. मीही लगेच आभाराचा अंगठा पाठवला. या सगळ्या प्रवासातली सगळ्यात महाग गोष्ट तीच ठरणार होती, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सकाळी लवकर निघालं तर खंबाटकीचा घाट गर्दीआधी ओलांडता येतो. वाईत मिसळ खाल्ली, मग पसरणी घाट. घाटात कौस्तुभचं सुरू झालं.

"ताई, तू पैसे पाठवतेस तेव्हा खरं तर पाठवत नाहीस. तुझी बँक त्याच्या बँकेला सांगते, हिचे कमी करा, त्याचे वाढवा. सगळा एकमेकांवरचा विश्वास. बँकेनं नाही म्हटलं तर तू काय करशील?"

"बँक कशाला नाही म्हणेल?"

"म्हटलं तर? माझ्या नाण्यांना कुणाची परवानगी लागत नाही. किल्ली माझ्याकडे, पैसा माझा. मधे कुणी नाही."

"आणि किल्ली हरवली तर?"

"हरवायची नाही," तो म्हणाला आणि पुढच्या वळणाला हॉर्न दिला.

भिलारला एका निवृत्त सुभेदारांच्या मळ्यात जॅमसाठीची बारकी फळं सांगून ठेवली होती. जॅमला मोठी, देखणी फळं घेऊ नका, उगीच दुप्पट भाव पडतो. बारकी, पूर्ण लाल झालेली मागा. क्रेट पुण्याला निघालेल्या टेम्पोत चढले, मी पैसे पाठवले आणि पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं. डोंगरात रेंज ये-जा करत होती.

"आवं जावा की तुमी," सुभेदार म्हणाले. "येत्याल पैसं. न्हाई आलं तर फोन करीन."

पाचगणीच्या अलीकडेच पैसे पोचल्याचा संदेश आला. मी विजयी नजरेनं भावाकडे पाहिलं. "तो माणूस चांगला होता म्हणून जमलं," कौस्तुभ म्हणाला. "मला अशी व्यवस्था पाहिजे की समोरचा वाईट असला तरी चालेल." त्याचं हे म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटलं नाही, एवढं कबूल करते.

मुक्काम महाबळेश्वरात न करता पाचगणीत केला. खोल्या जरा स्वस्त पडतात आणि सकाळी टेबललँडवर गर्दी व्हायच्या आत चक्कर मारता येते. दुसऱ्या दिवशी परत वाईला उतरून साताऱ्याला कंदी पेढे घेतले आणि महामार्गाला लागलो. कराडजवळच्या खानावळीत ताटभर जेवलो. ज्वारीची भाकरी, आख्खा मसूर, दह्यात कालवलेली मिरची. तिथं पैसे कौस्तुभनं दिले, खिशातली शेवटची मोठी नोट.

पेठ नाक्याला सांगलीकडे वळण्याआधी डिझेल भरलं. टाकी भरली आणि माझे पैसे जाईनात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कौस्तुभनं आपल्या फोनवरून केलं, त्याचेही जाईनात. मागची रांग वाढली. पंपावरचा माणूस म्हणाला, "ताई, बाजूला घ्या गाडी, मग बघा." शेवटी बेकरीच्या वरखर्चाची जी पिशवी मी नेहमी बरोबर ठेवते, तिच्यातून रोख दिले. तुम्हीही प्रवासात थोडी रोकड ठेवाच.

गाडी कडेला घेऊन मी बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलली. "मॅडम, तुमच्या खात्यातून पैसे काढणं थांबवलंय. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून सूचना आहे. कृपया शाखेत संपर्क साधा."

"माझ्या? मी काय केलंय?"

ते तिला माहीत नव्हतं. कौस्तुभच्या बँकेनंही त्याला तेच सांगितलं.

फोन ठेवून तो म्हणाला, "बघ. न विचारता कुलूप लावलं ना तुझ्या विश्वासाच्या व्यवस्थेनं?" पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. बहीण आहे मी त्याची. गाडीची किल्ली काढून हातात घेतली आणि विचारलं, "तू काय केलंयस?"

त्यानं थोडी नाणी विकली होती. नाण्यांच्या एक्सचेंजवर नाही, थेट माणसाला. त्या माणसाला नाणी पाठवायची, त्यानं यूपीआयनं रुपये पाठवायचे. भाव थोडा जास्त मिळतो. रुपये आले, त्यातूनच त्यानं मला प्रवासखर्चाचा वाटा पाठवला. "पाठवणाऱ्याचं नाव वेगळं होतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, भावाच्या नाहीतर बायकोच्या खात्यावरून दिले असतील."

आता दोघांनाही उमगलं, ते पैसे चोरीचे होते. कुणाला तरी फसवून काढलेले, या खात्यातून त्या खात्यात फिरवलेले आणि शेवटी त्यांची नाणी करून घेतलेले. पैसे जिथं जिथं गेले, तिथं तिथं पोलिसांनी खाती थांबवली होती. त्या ओळीत माझी बेकरीही आली.

मला खूप राग आला. मदतनीस बायकांचे पगार त्याच खात्यातून जातात. पण आष्ट्याच्या रस्त्यावर दोन्हीकडे ऊस बघत मी एवढंच ठरवलं, हे निस्तरल्याशिवाय पुण्याला परत जायचं नाही. तसं त्याला सांगितलंही. सांगलीतल्या लॉजचे पैसे आधीच भरलेले होते, म्हणून निदान झोपायची सोय झाली.

सकाळी आधी तासगाव. सांगलीहून रस्ता चांगला आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा. दुतर्फा द्राक्षबागा, मधे मधे बेदाण्याची शेडं. हिरव्या जाळीखाली थरावर थर आणि आत शिरलं की गोडसर, जरा नाकाला झोंबणारा वास. सुनीतावहिनी, म्हणजे ज्यांच्याकडे मी माल सांगितला होता त्या, डोक्याला टॉवेल बांधून बायकांबरोबर निवडत बसल्या होत्या. त्यांनी ओंजळीत बेदाणा दिला. लांब, हिरवा, चावला की दाताला चिकटत नाही असा. असा मी पुण्यात कधी घेतला नव्हता.

मी झालं ते सगळं सांगितलं आणि विचारलं, माल आज द्याल का? खातं उघडलं की लगेच पैसे पाठवते.

"न्हाई ताई," त्या म्हणाल्या. रागानं नाही, पण विचार करायलाही थांबल्या नाहीत. "वाईट वाटून घेऊ नका. मागं एका व्यापाऱ्याला असाच दिला. चांगला वळखीचा. जेवून गेला आमच्यात. परत त्याचा फोन लागला न्हाई. तवापासनं आमचं ठरलंय, पैसं आल्याबिगर माल हलायचा न्हाई."

कौस्तुभ पुढे झाला. "वहिनी, मी तुम्हाला नाण्यात देतो. आत्ता, इथल्या इथं."

"म्हंजी कसलं नाणं?"

त्यानं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. पण त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "एकदा आलं की कुणी माघारी घेऊ शकतं का?"

"नाही. कुणीच नाही."

"बँकबी न्हाई? पोलीसबी न्हाई?"

"नाही."

"मग हे लय बरं हाय की. त्या व्यापाऱ्याच्या येळी आसतं तर!" त्यांनी टॉवेल सोडून पुन्हा बांधला. "आणि फोन हरावला तर?"

"बारा शब्द असतात. ते जपून ठेवायचे. त्यावरून परत मिळतं."

"ते शब्द दुसऱ्या कुणी वाचलं तर?"

"तर... तो घेऊन जाईल."

"मग कुणाकडं जायाचं?"

वहिनी वाट बघत होत्या, त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"कुणाकडेच नाही," तो म्हणाला.

"मग नको," त्या म्हणाल्या. "एकदा फशिवलं तवा निदान दारात जाऊन शिव्या तरी देऊन आले मी."

शेडमधल्या बायका हसल्या. कौस्तुभ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मी आत्ता थोडी नाणी विकतो. दहा मिनिटांत रुपये येतील, थेट वहिनींच्याच खात्यावर."

"कुणाकडून येतील?"

त्यानं पडद्यावरचं बोट मागे घेतलं.

"मग यांचंही खातं बंद पाडायचंय का?" मी म्हटलं. ऑर्डर गेली तरी चालेल, पण हे मी होऊ देणार नव्हते. पिशवीतल्या रोख पैशांत दोन खोकी आली. बाकीचा माल वहिनींनी आणखी चार दिवस ठेवते म्हटलं. तेही मोठंच होतं, कारण व्यापारी दारात उभे होते.

तिथून परत सांगली. बँकेत त्यांनी तक्रारीचा क्रमांक दिला आणि हात वर केले. मग सायबर पोलीस ठाणे. कौस्तुभ गाडीतून उतरेना. "ताई, मी चोर नाही. आत गेलो की मला चोर धरतील."

"बाहेर बसलास तर जास्त धरतील. चल."

आत एक हवालदार मॅडम होत्या, जतकडच्या. तक्रार आमच्याकडची नाही, असं आधीच सांगून त्यांनी खुर्च्या दिल्या. मग कौस्तुभला विचारलं, "ज्यानं पैसे पाठवले त्याचं नाव काय?"

"टोपणनाव होतं."

"आणि नाणी कुणाला दिली?"

"एका पत्त्यावर. म्हणजे आकडे आणि अक्षरं असतात."

"ती परत मागवता येतील?"

"नाही."

त्यांनी पुढं काही टोमणा मारला नाही. तिकडच्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडचे साहेब कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "शिकायत करनेवाली रिटायर्ड नर्स हैं। बिजली बिल के झूठे मैसेज पर क्लिक किया। रोज फोन करती हैं, कुछ मिला क्या।"

कौस्तुभ खाली बघत होता. मॅडमनी कागद पुढे केला. दोन गोष्टी लिहायच्या होत्या. एक, व्यवहाराचे सगळे पुरावे जोडून, वादातली रक्कम सोडून बाकी खातं मोकळं करा अशी विनंती. ती मी माझ्यासाठी आणि त्यानं त्याच्यासाठी लिहिली. दुसरी फक्त त्याच्यासाठी होती, आणि सक्तीची नव्हती. ती रक्कम तक्रारदाराला परत द्यायला माझी हरकत नाही, अशी.

"थांबा," तो म्हणाला. "मीही फसलोच ना? नाणी माझी गेली. आता पैसेही मीच सोडायचे?"

"हक्क सांगायचा तर सांगा," मॅडम म्हणाल्या. "कोर्टात जाईल, वेळ लागेल."

मला बोलायचं फार होतं, पण पैसे त्याचे होते. तो बाहेर गेला, दारातल्या हातगाडीवर चहा घेतला. परत आला तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "रोज फोन करतात म्हणे त्या." आणि दुसरा अर्जही लिहून सही केली.

परतताना सुट्या पैशांतून भडंग घेतला. साताऱ्यापर्यंत आम्ही वाद घातला नाही. मग मीच म्हटलं, "तुझं एक बरोबर होतं. मी काही केलं नव्हतं आणि तरी माझं खातं बंद झालं. हे बरोबर नाही." तो म्हणाला, "हो. पण बंद झालं म्हणून तरी त्या नर्सबाईंच्या पैशांचा माग लागला."

घरी आल्यावर रोज सकाळी बँकेला एक मेल, तिकडच्या ठाण्याला एक फोन. हे मी नेमानं केलं. अशा प्रसंगात सापडलात तर तुम्हीही करा, कागद आपोआप हलत नाही. नवऱ्याच्या खात्यातून बायकांचे पगार दिले. कंपनीला खरं ते सांगितलं. त्यांनी निम्मी ऑर्डर दुसरीकडे दिली, निम्मी ठेवली. चार दिवस उलटल्यावर वहिनींनी माल विकला. विकण्याआधी फोन केला होता, मीच विका म्हटलं. पाडवा होऊन गेल्यावर खातं मोकळं झालं, कौस्तुभचा वाटा तेवढा वजा होऊन. त्यानं तो मला भरून दिला, पगारातून. नाणी त्याच्याकडे अजून आहेत, पण आता अनोळखी माणसाला विकत नाही.

मला अजून ठरवता आलेलं नाही की नाणी आणि बँक, दोन्हींत चांगलं काय. एकीकडे कुणी अडवू शकत नाही आणि कुणी सोडवूही शकत नाही. दुसरीकडे दोन्ही करणारं कुणीतरी असतं आणि ते नेहमी शहाण्यासारखं वागेलच असं नाही. मी मात्र बँकेच्याच बाजूला राहणार, भांडत.

परवा पुढच्या ऑर्डरसाठी पुन्हा तासगावला फोन केला. रक्कम टाकली, आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी पडद्यावर त्यांचं पूर्ण नाव आलं. इतकी वर्षं मी ते न वाचताच पुढे जायचे. आता थांबून मोठ्यानं वाचलं. सुनीता, नवऱ्याचं नाव, आडनाव. मग पिन टाकला.

थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. "पोचलं बगा ताई. चढवू का माल?"

"चढवा," मी म्हटलं.