अंगठी नव्हे, रिंग!

चूक आबांची. आबा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड हेडमास्तर, मुक्काम मसुरे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी 'जाऊ दे रे, वडीलधारे आहेत' म्हणायला नको. पीएचडी सोडून घरी बसलोय म्हटल्यावर भेटेल तो कारण विचारतो, आणि एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या शेपटीला दुसरा निघतो. होडीत पाणी साचतं तसे साचलेत. कितीही उपसा, तळाला आहेतच!

*

पहिल्या वर्षी सुट्टीत आलो, तर भाऊकाका पडवीत बसलेले. हे आबांचे धाकटे भाऊ, बोटींची इंजिनं दुरुस्त करतात.

"काय शिकतंस रे ता नक्की?"

मी मनापासून सांगितलं. सिलिकॉनच्या चिपवर एक बारीक वाट असते, तिच्यातून प्रकाश जातो. वाटेला खेटून एक गोल रिंग. ज्या रंगाची लाट त्या गोलात नेमकी बसते, तेवढाच रंग आत शिरून फिरत राहतो. बाकीचे सरळ पुढे. आणि रिंग जरा तापवली की दुसरा रंग बसतो. म्हणून ती ट्यूनेबल.

काका म्हणाले, "म्हणजे देवळाची प्रदक्षिणा. पण तापवतास कित्याक? थंडी वाजता तेका?"

आतून आबा ओरडले, "सिलिकॉन म्हणजे वाळू रे ती! वाळूक इतकी वर्षा? तोंडवळीच्या किनाऱ्यार चल, ट्रक भरून देतंय!"

*

पुढच्या मे महिन्यात शेजारच्या सुमनकाकी आल्या. हातात दोऱ्याचं एक वेटोळं.

"झिला, चेडवाच्या बोटाचा माप आणलंय. साखरपुड्याक अंगठी होयी. आबा म्हणाले, तू रिंगी करतंस!"

मी आबांकडे बघितलं. आबा पेपरात.

"काकी, माझ्या रिंगा केसाच्या टोकावर चार बसतील."

"मग सोना कमीच लागता म्हण!"

"सोनं फक्त तारांना. केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात, त्यांतून वीज जाते, त्याने रिंग तापते. तारा तुटल्या की रिंग मेली."

"हां, हां," आबांनी पेपराआडून मान डोलवली. वर्गात पोराने अशी मान डोलवली की 'काय समजलं, उभा राहून सांग' म्हणणारा हा माणूस!

*

मुंबईत आबांची दुसरी आवृत्ती भेटली. माझे गाइड. सरांना टेबलावर बोटांनी तबला वाजवायची सवय. आणि माझ्या टेबलावर प्रकाश आणणारी काचेची फायबर चिपसमोर नेमकी धरायला मला चार दिवस लागायचे.

"सर, टेबल!"

"मी कुठे काय केलं? नुसता उभा आहे," आणि टुक-टुक-टुक.

प्रकाश गेला! पुन्हा चार दिवस.

वर दुपारी एसी बंद करायचा त्यांचा हुकूम. खोली तापली की रिंगही तापणार, मग तिच्यात बसणारा रंग, म्हणजे रेझोनन्स, रोज वेगळा. मी ग्राफ घेऊन भांडायला गेलो. "सर, काल रेझोनन्स इथे होता, आज तिथे! न तापवता!"

सरांनी चष्मा वर केला. "ट्यूनेबल ना? मग झाली की ट्यून!"

*

शेवटी सरांनीच दम भरला. "दिवाळीनंतर कमिटी बसेल. चालणाऱ्या रिंगचं रीडिंग नसेल, तर रजिस्ट्रेशन रद्द."

बाहेरून पाच चिपा करून आल्या होत्या. तीन जन्मतःच मेलेल्या. चौथी मी जास्त करंट देऊन जाळली, ती माझी चूक, कबूल. उरली एक. आमचा लेझर बंद पडलेला, म्हणून गोव्यातल्या एका लॅबने दसऱ्यानंतरचे दोन दिवस दिले. पारदर्शक डबीत चिप घेऊन मी गाडीत बसलो. सरळ मडगावला उतरलो असतो तर हा किस्सा झालाच नसता. पण आबांचा फोन: "दसऱ्याक इलस नाय तर तोंड दाखवू नको!"

कुडाळला उतरलो.

खंडेनवमीच्या सकाळी आईने मला झेंडू आणायला पाठवलं. अर्ध्या तासात परत आलो. पाटावर हत्यारांची पूजा मांडलेली. आईचा नारळ खवायचा आडाळो, भाऊकाकांचे पाने, आबांची लाल शाईची पेनं. आणि मधोमध, डबीतून बाहेर काढलेली, हळदकुंकू वाहिलेली, माझी चिप. वर अक्षता.

आबांचा चेहरा नुसता फुललेला. "बघ झिला, तुझ्या विद्येक मधी ठेवलंय! पण वस्तू अशी ठेवतत? केस चिकटलेले तेका, चांगले पाच-सहा! ओल्या फडक्यान पुसून काढलंय."

भाऊकाका डोळा मारून म्हणाले, "आणि पिवळे केस! खंयच्या मडमेचे रे?"

पीएचडी गेली. साडेतीन वर्षं गेली.